बिस्कुट वाढतो आहे

डिंपल नागपूरहून आली ती खांद्याला पिशवी आणि कडेवर बोकड घेऊन. सिंदेवाहीच्या स्टँडवरून मोहटोलीला येणाऱ्या जीपमध्ये चौदा माणसं कोंबलेली होती. बोकडाला वेगळी जागा मिळाली नाही, म्हणून तो वाटभर तिच्या मांडीवर बसून बाहेरची धानाची बांधी बघत आला. अंगणात खाली ठेवल्यावर त्याने इकडेतिकडे पाहिलं, जाळं विणत बसलेल्या तिच्या बापाजवळ, इस्तारीजवळ, गेला आणि जाळ्याचं एक टोक तोंडात घेतलं. इस्तारीने ते सोडवून घेतलं, तेव्हा त्याने दुसरं धरलं. दोघांची ओळख झाली ती अशी.

बोकडाचा रंग चहात बुडवलेल्या बिस्किटाचा होता. पोट मडक्याएवढं, आणि पाय मात्र घडवणाऱ्याजवळची माती संपल्यासारखे आखूड. उंची इस्तारीच्या गुडघ्याला लागत होती, तीही कान धरून. डिंपल ज्या खासगी दवाखान्यात नर्स होती तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तो हौसेने पाळला होता. पुढे त्या बंगला सोडून नवव्या मजल्यावर राहायला गेल्या आणि तिथल्या लोकांनी लिफ्टमधून बोकड नेण्याला हरकत घेतली. हरकत घेणाऱ्यांचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. डिंपलच्या होस्टेलातही तोच नियम होता. तेव्हा पाळीव बोकड शेवटी जिथे जातो तिथे, म्हणजे गावाकडे, आला.

डिंपलने बापाला सगळं नीट समजावलं. ही पिग्मी जात आहे. हा खायचा बोकड नाही, जीव लावायचा आहे. झोपायला कोरडी आणि उंचावरची जागा पाहिजे, महिन्याला खूर कापायचे, पाला आणि गवत भरपूर, पण दाणा चिमूटभरच. एकटं ठेवायचं नाही, एकटा राहिला तर लेकरासारखा रडतो. नाव बिस्किट. इस्तारीने ते लगेच बिस्कुट करून घेतलं. सगळ्यात शेवटी, जीव मोठा होईल या आशेने बापाने त्याला जास्त खाऊ घालू नये म्हणून, ती म्हणाली, "बाबा, हा तीन वर्साचा झाला. आता वाढणार नाई. जिंदगीभर एवढाच राहते."

हे वाक्य फक्त इस्तारीने ऐकलं. त्याची बायको चंदाबाई त्या वेळी सिंदेवाहीच्या बाजारात झिंगे विकत होती. पुढे जे काही झालं ते या एका वाक्याच्या वेळी ती घरी नसल्यामुळे झालं.

चंदाबाई संध्याकाळी रिकामी टोपली घेऊन आली. लेकीला बघून हरखली आणि बोकडाला बघून गप्प झाली. तिने एवढंच विचारलं, "बोकड हाये का बकरी?" बोकड आहे म्हटल्यावर ती हातपाय न धुताच ओसरीवर बसून राहिली. बाजाराने थकली असेल, असं डिंपलला वाटलं. दुसऱ्या दिवशी डिंपलची जीप वळणाआड गेली आणि मग चंदाबाईने नवऱ्याला नवसाची गोष्ट सांगितली.

दोन वर्षांपूर्वी डिंपल नर्सिंग पास होऊन घरी बसली होती, तेव्हा चंदाबाई तलावाच्या पाळीवर मातामायच्या ठाण्याला गेली होती. माझ्या लेकीला नोकरी लागू दे, माझ्या अंगणात पाय ठेवील तो पहिला बोकड तुझा, असं ती बोलून आली. आठ दिवसांत नोकरी लागली. चंदाबाईची देवावर श्रद्धा होतीच, पण व्यवहारही तिला कळत होता. घर ढिवराचं. सात पिढ्यांत त्या अंगणात मासोळीशिवाय काही आलं नव्हतं, बोकड कुठून येणार? नवस खरा होता, फक्त तो फेडायची घाई नव्हती. शेजारच्या लटारूचे बोकड कुंपणाजवळ दिसले की ती काठी घेऊन धावायची. दोन वर्षं लटारूला वाटत होतं की बाई भेंडीच्या झाडांसाठी धावते.

इस्तारीने विचारलं, बाजारातला दुसरा बोकड आणून दिला तर? चंदाबाईने मान हलवली. देवाला बोलला तो बोलला. डिंपलला यातलं काही कळवायचं नाही, असंही तिने बजावलं, कारण ज्याच्यासाठी नवस केला त्याच्या कानावर तो फिटायच्या आधी गेला तर तो उलटतो. आणि दुपारच्या आत तिने जाऊन सोमाजीला वर्दी दिली. अशा बाबतीत ती नवऱ्याचं मत विचारत नसे, आणि तिचं चुकत नसे.

सोमाजी मातामायचा पुजारी. सत्तरीचा, काटक, बोलण्याआधी तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळून घेणारा माणूस. तो लटारूला आणि नानाजी पोलीस पाटलाला घेऊन आला. तिघांनी बोकडाभोवती फिरून बोकड पाहिला, उचलून पाहिला, पुन्हा खाली ठेवला. बिस्कुटने सोमाजीच्या धोतराचा काठ चाखून पाहिला. मग तिघे ओसरीवर बसले आणि अडचण पुढे आली.

मोहटोलीत बासष्ट घरं. नवसाच्या बोकडाचा हिस्सा प्रत्येक घरी गेलाच पाहिजे, हा गावाचा नियम. एखादं घर सुटलं तर काय होतं हे लटारूला विचारावं. त्याच्या बापाच्या वेळी एकदा त्यांचा हिस्सा चुकून राहिला, तर दोन घरांनी अकरा वर्षं एकमेकांकडून चुलीचा विस्तवसुद्धा घेतला नव्हता. बिस्कुटचे बासष्ट हिस्से करायचे म्हणजे घरामागे एक तुकडा, आणि तोही कापणाऱ्याची नजर चांगली असेल तर. नानाजी म्हणाला की रस्सा पातळ करता येईल. सोमाजीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"पिल्लू हाये अजून," सोमाजी म्हणाला. "वाढू द्या. दिवाळी झाल्यावर पाहू." मग इस्तारीकडे वळून त्याने विचारलं, "वाढते ना गा ही जात?"

इस्तारीने आजवर जन्मात मासोळीच्या लांबीखेरीज कशाबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. बिस्कुट त्याच्या पायाशी टेकून बसला होता आणि त्याच्या पोटाची ऊब इस्तारीच्या पिंढरीला लागत होती. ओळख होऊन अजून दोन दिवसही झाले नव्हते.

"वाढते," इस्तारी म्हणाला. "पण हळूहळू वाढते."

त्या दिवसापासून बिस्कुट वाढायला लागला, म्हणजे गावाच्या बोलण्यात. एकटा ठेवायचा नाही म्हणून इस्तारी त्याला डोंग्यात घेऊन तलावावर जायचा. बिस्कुट डोंग्याच्या टोकावर पाय जुळवून उभा राहायचा आणि इस्तारी जाळं टाकायचा. इस्तारी मुळात कमी बोलणारा. तलावावर तो गेली तीस वर्षं एकटाच गप्प बसत होता, आता त्याला गप्प बसायला सोबत मिळाली. त्याने बांबूची चार हात उंच माची बांधली, पण गावात बिबट येतो म्हणून ती घरातच, आपल्या खाटेशेजारी ठेवली. जाळं कापायच्या सुरीने तो बिस्कुटचे खूर कापायचा, आणि कापताना त्याच्याशी जितकं बोलायचा तितकं आख्ख्या संसारात बायकोशी बोलला नव्हता. चंदाबाई पाला तोडून आणायची, माची झाडायची, पण बोकडाला हात लावायची नाही आणि नावानेही हाक मारायची नाही. द्यायच्या वस्तूला जीव लावू नये, असं ती म्हणत असे. म्हणताना दुसरीकडे बघत असे.

गाव मात्र कामाला लागलं होतं. देवाचा बोकड वाढला पाहिजे, ही एकट्या इस्तारीची जबाबदारी नव्हती. लटारू लाखोरी डाळीचा भुसा घेऊन यायचा. नानाजीच्या घरून रोज तांदळाची पेज यायची. नानाजीची सून रुपाली अंगणवाडी सेविका होती, तिने तर बिस्कुटला लेकरांच्या वजनकाट्याला लटकवलं. चौदा किलो भरला. तीन वर्षांच्या पोराच्या रेषेत तो अगदी बरोबर बसला. पुढच्या महिन्यात पुन्हा लटकवलं, तेव्हा तक्त्यावरची रेष पुढे गेली होती आणि बिस्कुट होता तिथेच होता. रुपालीने गंभीरपणे सांगितलं की लक्ष ठेवावं लागेल. तिसऱ्या महिन्यात बिस्कुट काटा दिसला की आपणहून त्याखाली जाऊन उभा राहायला लागला.

एकदा बकऱ्यांचा व्यापारी रफीक ब्रह्मपुरीहून मोटारसायकलवर आला. बिस्कुटला पाहून तो गाडीवरून उतरला, खाली वाकला आणि हसत काहीतरी बोलायला लागला. इस्तारीने त्याला बोलू दिलं नाही. नुकत्याच धरलेल्या दोन मरळ त्याच्या हातात ठेवल्या आणि घरी पाहुणे असतील, लवकर जा, असं सांगितलं. रफीकच्या घरी कोणी पाहुणे नव्हते. पण माणूस समजदार होता, तो मासोळी घेऊन निघून गेला.

दिवाळीत मात्र आफत आली. नवं धान घरात आलेलं, हात सैल झालेले. बिस्कुट सकाळी घरातून निघाला आणि घरोघरी फिरला, आणि प्रत्येक घराने आपणच एकटे घालतो आहोत अशा समजुतीने त्याला ओंजळभर दाणे घातले. दहा वाजेपर्यंत त्याचं पोट दोन्ही बाजूंनी फुगलं. लोकांना आनंद झाला. नानाजीने तर सांगूनच टाकलं की बोकड भरला, आता हिस्से नीट होतील. दुपारी बिस्कुट इस्तारीच्या अंगणात आडवा पडला आणि दात खायला लागला, तेव्हा भरणं आणि फुगणं यातला फरक सगळ्यांना कळला.

मग जी धावपळ झाली ती मोहटोलीत माणसाच्या आजारपणातही कोणी पाहिली नव्हती. लटारूने तेलात ओवा आणि हिंग कालवून आणलं. नानाजी स्वतः गाडी काढून सिंदेवाहीहून गुरांच्या डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टर येईपर्यंत आणि गेल्यावरही, तीन तास, सोमाजी बिस्कुटचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याचं पोट चोळत होता. खर्रा खायचंही त्याला सुचलं नाही. याला दाणे कोणी घातले, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा जमलेल्या सगळ्यांनी आपापल्या पायाकडे पाहिलं. इस्तारी कुंपणाला धरून उभा होता आणि रडत होता. चारचौघांत रडलेला तो कोणाला आठवत नव्हता. संध्याकाळी बिस्कुट उठला, दोनदा ढेकर दिला आणि सोमाजीच्या खिशातली खर्र्याची पुडी खाल्ली. तेव्हा कुठे लोक घरी गेले.

डॉक्टरांनी दाणा कायमचा बंद केला. मग हा वाढणार कसा, अशी चर्चा निघाली. इस्तारीने सांगितलं की पाल्यावरही वाढतो, फक्त वेळ लागतो. सगळ्यांनी ते लगेच मान्य केलं. इतकं लगेच का, असा प्रश्न इस्तारीला तेव्हा पडायला हवा होता. दिवाळीनंतरचा मुहूर्त संक्रांतीवर गेला, संक्रांतीचा माघावर. दर वेळी सोमाजी येऊन बिस्कुटच्या पाठीवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "अजून पंधरा दिवस."

माघ लागला आणि नागपूरहून फोन आला. डिंपल मैत्रिणीच्या स्कूटरवरून पडली होती. हाताला प्लास्टर होतं, बाकी काही नव्हतं. रस्त्यात खड्डा होता आणि पाऊस नसतानाही त्यात पाणी होतं, असं तिने हसत सांगितलं. चंदाबाईने फोन खाली ठेवला. तिच्या डोळ्यांपुढे खड्डा नव्हता, तलावाच्या पाळीवरचं ठाणं होतं.

"लेकीवर आलं," ती म्हणाली. "सहा महिने झाले. मायले मी आशेवर ठेवलं, डिंपलचे बाबा."

इस्तारीने तिला सांगून पाहिलं की नागपुरात रोज शंभर माणसं स्कूटरवरून पडतात, आणि त्यांच्यापैकी कोणी बोकड बोललेला नसतो. चंदाबाई ऐकत होती, पण जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही जेवली नाही. झोपेत दचकून उठायची आणि लेकीचं नाव घ्यायची. तिसऱ्या दिवशी इस्तारी तलावावर गेला, जाळं न टाकताच डोंगा फिरवून परत आला. एका बाजूला बिस्कुट होता. दुसऱ्या बाजूला बायको होती, आणि ती ज्या भीतीने वाळत चालली होती ती भीती आपण बोललेल्या एका खोट्याने पोसली, असं त्याला वाटत होतं. वाढायची वाट बघा म्हणून त्याने सांगितलं नसतं तर नवस तेव्हाच फिटला असता. हा विचार त्याला सहन होईना.

सोमवारी संध्याकाळी त्याने सोमाजी, लटारू, नानाजी आणि रुपालीला अंगणात बोलावलं. चंदाबाई दारात उभी होती. इस्तारीने बिस्कुटला मांडीवर घेतलं आणि खाली बघून, एका दमात, सगळं सांगितलं. हा वाढत नाही. वाढणारच नाही. पहिल्या दिवशीच लेकीने सांगितलं होतं. मी गावाशी खोटं बोललो आणि देवीशीही.

इस्तारीला वाटलं, आता सोमाजी उठेल. सोमाजीने खर्रा गालात सरकवला.

"इस्तारी," तो म्हणाला, "तू मासोळीतला माणूस. बोकडाचं वय दातात असते गा. पहिल्याच दिवशी उचलला तवा म्या तोंड उघडून पाह्यलं. पक्के दात आले होते त्याचे."

इस्तारीने बिस्कुटच्या तोंडाकडे पाहिलं. सहा महिने तो या तोंडातून आपलं जाळं सोडवून घेत होता.

लटारू खाकरला. त्याच्याकडे बावीस बकऱ्या होत्या, त्याने तर दात न बघता शिंगांवरूनच ओळखलं होतं. शिवाय रफीकने दिवाळीत त्याला सांगितलं होतं. म्हणजे दोन मरळ फुकट गेल्या, हे इस्तारीच्या मनात अशा वेळीही येऊन गेलं. रुपालीने मोबाइलवर फोटो शोधला होता आणि पहिल्या वजनाच्या दिवशीच तिला सगळी माहिती मिळाली होती. नानाजीला रुपालीने सांगितलं होतं, कोणाला सांगू नका म्हणून. प्रत्येकाला वाटत होतं की हे फक्त आपल्यालाच माहीत आहे आणि बाकीचं गाव भोळेपणाने वाट बघत आहे.

"मंग बोलले काऊन नाई?" इस्तारीने विचारलं.

"तू 'वाढते, वाढते' म्हणून राह्यला होता," सोमाजी म्हणाला. "मी म्हटलं, वाढू द्या."

क्षणभर सगळ्यांना हलकं वाटलं. लटारू तर हसायलाही लागला होता. तेवढ्यात चंदाबाई दारातून खाली उतरली आणि त्याचं हसू थांबलं. ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"म्हंजे साऱ्यायनं मिळून मायले फसवलं," ती म्हणाली. "माझ्या लेकीच्या नावावर. तिले का समजत नाई? तुमाले दात दिसते, तं तिले दिसत नसतीन?"

बोकड लहान आहे, एवढं एकच कारण सहा महिने सगळ्यांनी मिळून जपलं होतं, आणि इस्तारीने ते खरं बोलून स्वतःच्या हाताने मोडलं होतं. पूर्ण वाढलेला बोकड देवाला देऊ नये असं कुठल्याच शास्त्रात नाही. चंदाबाईने सोमाजीला वाकून नमस्कार केला आणि उद्या मंगळवार आहे, एवढं सांगून आत गेली. उठताना सोमाजीने बिस्कुटच्या पाठीवर हात ठेवला, पण पंधरा दिवसांचं काही बोलला नाही.

मंगळवारी सकाळी तलावावर धुकं होतं. थंडी अशी की पाळीवरचे कुत्रेही राखेतून उठले नव्हते. मातामायच्या ठाण्यापाशी बासष्ट घरांतून एकेक माणूस आलं होतं. नवसाच्या दिवशी प्रत्येकाच्या हातात हिस्सा न्यायला डेकची असते. त्या दिवशी एकाच्याही हातात भांडं नव्हतं. नानाजीने लटारूला विचारलं, तर लटारू म्हणाला विसरलो. नानाजीही विसरला होता.

रीत अशी की पुजारी बोकडाच्या पाठीवर तलावाचं पाणी सोडतो. बोकडाने अंग झाडलं म्हणजे मायने तो स्वीकारला. तीनदा सोडूनही झाडलं नाही तर मायला तो नको आहे, आणि मग नवस बोलणारा मोकळा होतो. असं म्हणतात, पण ते घडलेलं कोणी पाहिलं नव्हतं. माघातल्या पहाटेचं तलावाचं पाणी अंगावर पडल्यावर न हलणारा बोकड अजून जन्मायचा होता. आणि बिस्कुटचं तर इस्तारीला चांगलंच माहीत होतं. डोंग्यात जाळ्याचा एक थेंब उडाला तरी तो नाकापासून शेपटीपर्यंत थरथरून अंग झाडायचा.

इस्तारीने त्याला कडेवरून उतरवून ठाण्यासमोर उभं केलं आणि दोन पावलं मागे सरला. बिस्कुट त्याच्या मागे यायला वळला. चंदाबाईने पुढे होऊन त्याला धरलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिचा हात त्याला लागला. बिस्कुटने तो हुंगला आणि तिच्या बोटांवर हनुवटी ठेवून उभा राहिला. चंदाबाईने तोंड फिरवलं, पण हात काढला नाही.

सोमाजी पाळीवरून आला. धोतराच्या सोग्याखाली झाकून त्याने पितळी लोटा आणला होता. त्याने कुंकू लावलं, तांदूळ टाकले, डोळे मिटून बराच वेळ काही पुटपुटला. मग बिस्कुटच्या मानेपासून शेपटीपर्यंत पाण्याची धार सोडली.

बिस्कुटचे कान हलले. पाणी त्याच्या पोटावरून ओघळून खाली मातीत गेलं. तो हलला नाही.

सोमाजीने दुसऱ्यांदा पाणी सोडलं. बिस्कुटने डोळे मिटले. इस्तारीला वाटलं भीतीने मिटले. तिसरी धार सोमाजीने अगदी हळू, पाठीच्या मधोमध सोडली. बिस्कुटने मान लांब करून एक जांभई दिली आणि चंदाबाईच्या पदराचं टोक तोंडात घेतलं.

"मायनं नाई घेतला," सोमाजी म्हणाला. "चंदाबाई, तू मोकळी झाली. तुझी लेकही मोकळी."

चंदाबाई तिथेच बसली. तिने जमिनीला डोकं टेकवलं आणि मोठ्याने, लाज न बाळगता रडली. इतके दिवस आत धरून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. मग उठून तिने बिस्कुटला जवळ ओढलं आणि पदराने त्याची पाठ, पोट, चारी पाय खसखसून पुसायला घेतले. पुसता पुसता ती नवऱ्यावर करवादत होती, की ओल्या अंगाने उभा राहिला तर सर्दी होईल, कांबळं आणायची अक्कल कशी नाही झाली, बिस्कुटला असं कोणी थंडीत आणतं का. लोक हळूहळू पांगायला लागले. लटारू नाक पुसत होता आणि धुकं फार आहे म्हणत होता.

इस्तारी सोमाजीच्या पाया पडला. सोमाजीने त्याला उठवलं, ओंजळ पुढे करायला सांगितली आणि लोट्यात उरलेलं पाणी तीर्थ म्हणून त्याच्या हातावर ओतलं.

पाणी कोमट होतं.

इस्तारीने ओंजळीकडे पाहिलं. मग तलावाकडे पाहिलं, तिथून धुकं उठत होतं. मग सोमाजीकडे. सोमाजी मोहाच्या झाडाच्या शेंड्याकडे बघत खर्रा चघळत होता.

"पिऊन टाक गा," तो म्हणाला. "थंडं होऊन राह्यलं."

इस्तारीने ते पिऊन टाकलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.